एका घरात ‘_स्टॉप’ नावाचे दोघे: काटा प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

गाळप मार्चातच आटोपलं. कारखाना शांत आहे, वजनकाट्यावर दुपारी कुत्रं झोपलेलं असतं. काट्याचा प्रोग्राम नव्या संगणकावर न्यायचं काम करायचं तर आत्ताच, एकदा ऊस सुरू झाला की कुणी काटा पाच मिनिटंही बंद ठेवू देणार नाही.

केबिनमधला विंडोज ७ चा संगणक गेल्या हंगामात दोनदा बसला. नवा आलाय. प्रोग्राम पायथन या भाषेत आहे, पण तिची जुनी २.७ आवृत्ती नव्यावर पुन्हा टाकायची नाही, एवढं ठरलं. २.७ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, त्यानंतरची साडेपाच वर्षं आपण ‘चालतंय ना’ म्हणत काढली. नव्यावर ३.१२ घेतेय. ३.१३ बाहेर आहे, पण पावतीच्या प्रिंटरची लायब्ररी त्यावर तपासलेली नाही.

प्रोग्रामचे तुकडे चार. इंडिकेटरचं (काट्याचा आकडा दाखवणारा डबा) वजन सिरियल पोर्टवरून सतत वाचणारा थ्रेड, म्हणजे बाकी प्रोग्रामच्या जोडीने चालणारं काम. टीकेइंटर या खिडक्या काढणाऱ्या लायब्ररीतला पडदा, ज्यावर मोठ्या आकड्यांत वजन दिसतं. रात्री पीडीएफ काढणारी वेगळी प्रोसेस. आणि ऑफिससाठी जँगो या वेब फ्रेमवर्कमधले अहवाल. चारही ठिकाणी फ्रेमवर्कचा क्लास घेऊन त्याचा सबक्लास केलेला आहे, म्हणजे त्यांच्या तयार साच्यावर आपली भर. आज हे नुसतं यादी म्हणून लिहिलं.

२टू३ (जुना कोड पायथन ३ चा करून देणारं साधन) चालवून प्रिंट, युनिकोड वगैरे साफ करून घेतलं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

(या वहीत कोडमधली नावंही देवनागरीत लिहितेय. नावाच्या आधीची आडवी रेघ म्हणजे अंडरस्कोर.)

१७ जून, मंगळवार

खरा काटा न जोडता खोटी वजनं पाठवणारा छोटा प्रोग्राम लावला. वजन येतंय, पावती निघतेय. खूश होऊन ‘बंद करा’ दाबलं आणि लाल अक्षरं: टाईपएरर, ‘इव्हेंट’ ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल.

इव्हेंट म्हणजे नुसती थांबायची खूण, आपण तिला कुठेच मेथडसारखं (क्लासमधलं काम करणारं फंक्शन) बोलावत नाही. सगळा कोड शोधला, एकही जागा नाही. ट्रेसबॅकची, म्हणजे चूक कुठून आली त्या यादीची, शेवटची ओळ आपल्या फाइलमधली नाहीच, ती पायथनच्या स्वतःच्या थ्रेडिंग मोड्यूलमधली, थ्रेड संपायची वाट बघणाऱ्या जॉइनच्या पोटातली. पायथनमध्ये बग सापडला असं पाच मिनिटं वाटलं. असं वाटलं की चहा प्यायला जावं, हा माझा जुना नियम. गेले.

दुसरी विचित्र गोष्ट: पडद्यावरचा हिरवा दिवा दर सेकंदाला ‘इज_अलाइव्ह’ विचारतो. थ्रेड जिवंत असेतो उत्तर नीट येतं. थ्रेड संपल्यावर विचारलं की तोच टाईपएरर. म्हणजे जिवंत आहेस का या प्रश्नाला फक्त जिवंत असतानाच उत्तर.

१८ जून, बुधवार

सापडलं. सकाळभर थ्रेडिंगची फाइल वाचली.

आपला ‘काटावाचक’ हा ‘थ्रेड’ चा सबक्लास. त्याच्या इनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या भागात, एक ओळ आहे: सेल्फ._स्टॉप मध्ये नवा इव्हेंट ठेवायचा. रनच्या लूपमध्ये तो तपासायचा, थांबायचं असेल तेव्हा बाहेरून सेट करायचा, मग जॉइन. कुणीही असंच लिहील. मीही लिहिलं असतं.

पण ३.१२ मधल्या थ्रेडला स्वतःची _स्टॉप नावाची मेथड आहे. थ्रेडचं काम संपल्याची नोंद ती करते. जॉइन आधी आतल्या कुलुपाची वाट बघतं, ते सुटलं की सेल्फ._स्टॉप() बोलावतं. पायथन नाव शोधताना आधी ऑब्जेक्टच्या खिशात बघतं, नंतर क्लासकडे जातं. खिशात आपला इव्हेंट. त्यालाच बोलावलं. इव्हेंट बोलावता येत नाही.

मग २.७ वर दहा-बारा वर्षं कसं चाललं? तिथे हीच मेथड __स्टॉप होती, दोन अंडरस्कोर. दोन अंडरस्कोर दिले की पायथन कंपाइल करतानाच नावाच्या आधी क्लासचं नाव चिकटवतं, त्यामुळे तिचं खरं नाव _थ्रेड__स्टॉप होतं. आपल्या _स्टॉपशी गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. पायथन ३ मध्ये या मोड्यूलमधले दुहेरी अंडरस्कोर काढून एकेरी केले. त्यांच्या दृष्टीने आतली साफसफाई, कागदपत्रांत लिहिलेल्या एकाही मेथडला धक्का नाही. आणि ते खरंही आहे. मेथड खासगी, तिचं नाव बदलायचा त्यांना हक्क.

राग कुणावर काढायचा तेच कळेना. आपणही _स्टॉपला एक अंडरस्कोर दिला तो ‘हे आमचं आतलं, बाहेरच्यांनी हात लावू नये’ म्हणून. त्यांनीही नेमक्या त्याच कारणाने. दोघांनी सभ्यपणे एकच पाटी लावली, आणि दार एकच होतं.

सार्वजनिक नाव असतं तर कळलं असतं. स्टार्ट, रन, जॉइन ही नावं सगळ्यांना पाठ असतात, त्यांच्यावर कुणी चुकून आपलं काही ठेवत नाही. टक्कर होते ती न दिसणाऱ्या नावांशी.

२० जून, शुक्रवार

दुरुस्ती एका शब्दाची: _स्टॉप चं _थांबा_खूण केलं. जॉइन गप्प, हिरवा दिवा विझतो.

धाकटा सहकारी म्हणाला, “ताई, आपणही दोन अंडरस्कोर देऊ की. कटकट मिटली.” बहुतेक वेळा मिटेल. पण चिकटतं ते क्लासचं नुसतं नाव, कुठल्या मोड्यूलमधला क्लास हे नाही. २०१२ च्या आसपासच्या एका जुन्या फाइलमध्ये आपल्याच क्लासचं नाव ‘थ्रेड’ ठेवलेलं सापडलं, थ्रेडिंगच्या थ्रेडचा सबक्लास. त्यात कुणी __स्टॉप लिहिलं असतं तर तेही _थ्रेड__स्टॉपच झालं असतं, थेट मुळावर. त्याला दाखवलं. तो हसला, मग गप्प झाला, कारण ती फाइल अजून वापरात आहे.

आजीकडून ऐकलेलं आठवलं: सासरी त्याच नावाची नणंद असली की नवरीचं नाव बदलायचे, तांदळात नवं लिहायचे. बदलायचं नेहमी नवरीनेच, हा भाग सोडू. निदान घरात कोण कोण आहे ते तिला सांगत तरी असतील. सबक्लासला तेवढंही सांगत नाहीत.

त्याच फाइलमध्ये आणखी एक गंमत. आधीच्या सरांची टीप: ‘इथे इंट का लागतं माहीत नाही, काढू नका.’ इंट म्हणजे पूर्णांक करून घेणं. सेल्फ.नेम मध्ये काट्याचा क्रमांक ठेवलाय, १ किंवा २. पुढे तुलना करताना प्रत्येक वेळी इंट करून घेतलाय. कारण थ्रेडला नेम नावाची प्रॉपर्टी आहेच, आणि तिच्यात काहीही ठेवलं की ती त्याची स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं, करते. २ ठेवला, ‘२’ परत आला. ही टक्कर २.७ मध्येही होती. सरांनी ती ओळखली नाही, पण तिच्याभोवतीने पायवाट पाडली. टीप काढली, नाव बदललं, इंट काढला.

८ जुलै, मंगळवार

आषाढीची गडबड संपली. काल नवा पडदा केबिनमध्ये चाचणीला ठेवला. हा धाकट्याने नव्याने लिहिलाय, जुना फार विद्रूप होता.

सकाळी साडेनऊला काट्यावरच्या मामांचा फोन. “ताई, पडदा गेला की वो.”

“गेला म्हणजे? आकडे थांबलेत?”

“न्हाई न्हाई. खिडकीच गेली. मागचं देवाचं चित्र दिसतंय नुसतं.”

गेले. मामांनी इंडिकेटर बंद करून पुसला होता, एवढंच निमित्त. इंडिकेटर बंद झाला की पोर्टवरून रिकामी ओळ येते, रिकाम्या ओळीचा फ्लोट (दशांश आकडा) होत नाही, व्हॅल्यूएरर. ही चूक आपलीच, पण ती जीवघेणी नाही. आफ्टरने, म्हणजे ठरावीक वेळाने चालायला, लावलेल्या कामात चूक झाली तर टीकेइंटर ती छापतं आणि पुढे चालू राहतं. पुढचं वाचन २०० मिलिसेकंदांनी आधीच लावलेलं असतं. मग खिडकी का जावी?

धाकट्याच्या फ्रेममध्ये ओळ आहे: सेल्फ._रूट मध्ये मुख्य खिडकी. टीकेइंटरच्या प्रत्येक विजेटला _रूट नावाची मेथड आहे. चूक छापायची कुणाकडे हे ठरवायला टीकेइंटर त्या विजेटची _रूट() बोलावतं. इथे मेथडच्या जागी खिडकी. खिडकी बोलावता येत नाही, म्हणून चूक सांगताना दुसरी चूक. ती थेट मेनलूपपर्यंत, म्हणजे खिडकी चालू ठेवणाऱ्या फेऱ्यापर्यंत, जाते आणि मेनलूप संपतो. आपण कन्सोलशिवाय चालवतो, त्यामुळे कुठे काही दिसलंही नाही.

हा प्रकार _स्टॉपपेक्षा वाईट. _स्टॉप रोज संध्याकाळी बोंबलायचा. _रूट सगळं सुरळीत असताना गप्प, आणि दुसरं काही बिघडलं की बरोबर तेव्हाच तोंडावर हात ठेवतो. आगीच्या बंबाच्या जागेवर मोटरसायकल लावण्यासारखं: आग लागेपर्यंत कुणाची तक्रार नाही.

धाकट्याचा चेहरा पडला. त्याला म्हटलं, टीकेइंटरच्या फ्रेमवर साइझ, अपडेट, कॉन्फिग, चिल्ड्रेन, फोकस, बाइंड अशी दोनशेच्या आसपास नावं आधीच आहेत, ‘सहज सुचणारं नाव’ म्हणजे बहुतेक घेतलेलंच. त्याने लगेच डीर (नावांची यादी देणारं फंक्शन) चालवून मोजली. मग त्याच्याच कोडमध्ये ‘अपडेट’ निघालं. ते वजन ताजं करणारं, टीकेइंटरचं स्वतःचं अपडेट अडकलेली कामं उरकणारं. बदललं.

रिकाम्या ओळीची चूकही दुरुस्त केली, ती विसरायला झाली असती.

१५ जुलै, मंगळवार

जँगो. १.११ वरून ५.२ वर. पायथन २.७ चालवणारी शेवटची जँगो १.११ होती, त्यामुळे तिथेच अडकलो होतो. ऑन_डिलीट सगळीकडे लिहा, यूआरएल() च्या जागी रे_पाथ(), ही हमाली दोन दिवसांत उरकली.

मग अहवालांच्या व्ह्यूंपैकी (पान तयार करून देणारे क्लास) एक सुरू होताक्षणी पडला: सेटअप() ला एक आर्ग्युमेंट चालतं, दोन दिली. जँगोने २.२ मध्ये, एप्रिल २०१९ ला, व्ह्यू क्लासला सेटअप नावाची मेथड दिली. रिक्वेस्ट आणि आर्ग्युमेंटं ऑब्जेक्टवर ठेवायचं काम पूर्वी अ‍ॅज_व्ह्यूच्या पोटात व्हायचं, ते तिथे नेलं. आपल्या अहवालांत सेटअप आधीपासून होतं, तारखा आणि हंगाम ठरवणारं, आर्ग्युमेंट न घेणारं. आता जँगोच ते रिक्वेस्ट देऊन बोलावते.

म्हणजे या खेपेला नवरी आपण नाही. आपण आधीपासून घरात, सासूबाईंनीच मागून आपल्या नावाचं माणूस आणलं.

हा व्ह्यू पडला ते बरं झालं. वाईट तो, जो पडला नाही. ‘रोजचा अहवाल’ मध्येही सेटअप आहे, पण लिहिणाऱ्याने त्याला रिक्वेस्ट आणि बाकी आर्ग्युमेंटं घेणारं केलं होतं, अगदी जँगोने पुढे केलं तसंच. डिस्पॅचमध्ये आपण ते स्वतः बोलावतो. आता जँगो एकदा बोलावते, मग आपण एकदा. त्याच सेटअपमध्ये ‘अहवाल कुणी पाहिला’ याची नोंद टाकतो. प्रत्येक पाहण्याच्या दोन नोंदी. चाचणीत १ हवी होती, २ आल्या, म्हणून कळलं. चाचणी नसती तर नोंदवहीत प्रत्येक साहेब अहवाल दोनदा वाचणारा निघाला असता.

जँगोवाल्यांनी याचा विचार केलेला दिसतो. ओव्हरराइड केलेल्या, म्हणजे मूळच्या जागी आपण ठेवलेल्या, सेटअपने सुपरला (मूळ क्लासच्या मेथडला) बोलावलं नाही आणि रिक्वेस्ट ऑब्जेक्टवर नसली, तर ते स्पष्ट चूक देतात आणि ‘सेटअप ओव्हरराइड करून सुपरला बोलवायचं विसरलात का’ असं विचारतातही. आपण त्या जाळ्यातून निसटलो, कारण जुन्या सवयीने सेल्फ.रिक्वेस्ट आपणच भरत होतो. जास्तीची काळजी नडली.

दोन्ही नावं बदलली: अहवाल_तयारी.

२१ जुलै, सोमवार

दिवसभर पाऊस, दुपारी दोन तास वीज नाही. वाचन केलं.

हे दुखणं जुनं आहे आणि इतर भाषांनी त्यावर काय काय केलंय ते बघून थोडा हेवा वाटला. सी-शार्पमध्ये मूळ क्लासची मेथड व्हर्च्युअल म्हटल्याशिवाय ओव्हरराइड होत नाही, आणि सबक्लासने ओव्हरराइड हा शब्द लिहावा लागतो. मूळ क्लासमध्ये उद्या तुमच्याच नावाची मेथड आली तर कंपाइलर सावधगिरीची सूचना देतो आणि तुमची मेथड वेगळी समजतो, तिने मूळची जागा घेतली असं धरत नाही. _स्टॉपचा प्रसंग तिथे घडलाच नसता. कोटलिन आणि स्विफ्टमध्ये ओव्हरराइड न लिहिता तेच नाव घेतलं तर कंपाइलच होत नाही. जावात @ओव्हरराइड २००४ मध्ये, जावा ५ बरोबर आलं, पण ते लिहिणं ऐच्छिक. त्यामुळे ‘मला ओव्हरराइड करायचं होतं पण स्पेलिंग चुकलं’ हे पकडलं जातं. ‘मला करायचं नव्हतं पण झालं’ हे राहून जातं. पायथनच्या ३.१२ मध्ये टायपिंगमधून @ओव्हरराइड आलंय, तेही जावासारखंच, आणि पायथन चालताना त्याकडे बघतही नाही.

धाकटा आधी आयफोनची ॲपं लिहायचा. तो म्हणाला, ऑब्जेक्टिव्ह-सी मध्ये याहून वाईट. तिथे खासगी मेथड असा प्रकार रनटाइमला ठाऊकच नाही, ॲपलच्या क्लासमधल्या न दिसणाऱ्या मेथडचं नाव आपल्या सबक्लासने घेतलं की गुपचूप आपली चालायला लागते. म्हणून अंडरस्कोरने सुरू होणारी मेथड-नावं ॲपलने स्वतःसाठी राखून ठेवलीत, आणि क्लासना तीन अक्षरी उपसर्ग लावायला सांगतात. पाटी लावण्यापेक्षा आडनाव लावणं बरं, असा तो प्रकार.

सबक्लास नसतानाही हेच होतं. जावास्क्रिप्टच्या ॲरेला ‘फ्लॅटन’ नावाची मेथड द्यायचं घाटत होतं. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधीच ॲरेच्या प्रोटोटाइपवर टाकलेलं, त्यामुळे २०१८ मध्ये जुनी पानं मोडायला लागली. शेवटी भाषेनेच माघार घेऊन नाव ‘फ्लॅट’ केलं. एवढं वजन असेल तर सासूसुद्धा नाव बदलते.

मग मायपाय आणि पायराइट, कोड न चालवता तपासणारी साधनं. दोघांकडे अशी सेटिंग आहे की ओव्हरराइड होत असेल आणि @ओव्हरराइड लिहिलं नसेल तर बोंब मारायची. वाटलं, मिटलं काम. जुना काटावाचक त्यांच्यासमोर ठेवला: _स्टॉपबद्दल अवाक्षर नाही. कारण ही साधनं थ्रेडिंगचा खरा कोड वाचत नाहीत, त्याच्या सार्वजनिक नावांची वेगळी लिहिलेली यादी वाचतात. त्या यादीत _स्टॉप नाहीच. ती खासगी आहे ना. ज्या नावांशी टक्कर होते तीच नावं पहारेकऱ्याला दाखवलेली नाहीत.

२५ जुलै, शुक्रवार

मग स्वतःच लिहिला पहारेकरी. फार हुशार नाही.

एका बाजूला आपली नावं. क्लासमध्ये लिहिलेल्या मेथड सहज मिळतात, पण सेल्फ.अमुक = तमुक अशा इनिटमधल्या ओळी क्लासच्या यादीत नसतात, आणि _स्टॉप नेमका तसा होता. त्यासाठी एएसटी मोड्यूलने आपली फाइल वाचून ‘सेल्फ’ च्या पुढची, ज्यांच्यात काही ठेवलं जातं ती सगळी नावं गोळा केली.

दुसऱ्या बाजूला घरातली नावं. नुसत्या मूळ क्लासचं डीर पुरत नाही, कारण त्याचंही सामान इनिटमध्येच भरलं जातं. म्हणून मूळ क्लासचा एक कोरा ऑब्जेक्ट करायचा आणि त्याच्या खिशातलं सगळं घ्यायचं. थ्रेडचा कोरा ऑब्जेक्ट होतो, प्रोसेसचा होतो, टीकेइंटरच्या फ्रेमला आधी खिडकी लागते, ठीक आहे.

दोन्हींत सामाईक नाव आलं आणि ते ‘मुद्दाम’ यादीत नसलं, तर चाचणी लाल. रन, गेट, गेट_क्वेरीसेट, गेट_कॉन्टेक्स्ट_डेटा ही मुद्दाम यादीतली. सगळं मिळून साठेक ओळी.

पहिल्या फेरीत ४१ नावं आली. ३३ मुद्दाम घेतलेली. उरलेल्या आठांतली बरीचशी निरुपद्रवी, एक सोडून.

२९ जुलै, मंगळवार

ती एक: रात्री पीडीएफ काढणाऱ्या प्रोसेसमधलं सेल्फ._कॉन्फिग. आपण त्यात कागदाचा आकार, समास, कारखान्याचं शीर्षक असं ठेवतो. मल्टिप्रोसेसिंगच्या प्रोसेसलाही स्वतःचं _कॉन्फिग आहे. त्यात ती ऑथकी (ओळख पटवायची किल्ली) आणि सेमप्रीफिक्स ठेवते, हा दुसरा म्हणजे सेमाफोरच्या, लॉकसाठी लागणाऱ्या खुणांच्या, नावांचा उपसर्ग. आपण सुपरचं इनिट झाल्यावर वरून आपला डिक्शनरी ठेवला, त्यांचा गेला.

तरी इतकी वर्षं चाललं, कारण ती प्रोसेस आत स्वतः काही लॉक किंवा क्यू करत नाही. केलं तर काय होतं ते आज मुद्दाम बघितलं: पोटच्या प्रोसेसमध्ये एक लॉक करायची ओळ टाकली. कीएरर, ‘सेमप्रीफिक्स’. आपल्या सबंध कोडमध्ये हा शब्द कुठेही नाही. पुढच्या हंगामात कुणी पीडीएफ वेगाने काढायला आत क्यू टाकली असती, रात्री दोनला ही चूक आली असती, आणि त्याने समास आणि शीर्षकाच्या डिक्शनरीवर संशय घ्यायला किती दिवस लावले असते कोण जाणे.

आज नागपंचमी. घरी उकडलेलंच, तव्यावरचं काही नाही. लवकर निघाले.

६ ऑगस्ट, बुधवार

प्रिंटरची लायब्ररी ३.१३ वर चालते असं आता त्यांनी लिहिलंय. म्हणून ३.१३ करून पाहिलं.

आधी कुतूहल म्हणून जुना, न दुरुस्त केलेला काटावाचक चालवला. जॉइन नीट! ३.१३ मध्ये थ्रेडच्या आतली बांधणी बदललीय, वाट बघण्याचं काम _हँडल नावाच्या ऑब्जेक्टकडे गेलंय, _स्टॉप मेथड राहिलीच नाही. सात आठवडे ज्याच्यामागे होते तो इसम घर सोडून गेला.

मग दुरुस्त केलेला नवा काटावाचक. स्टार्टलाच टाईपएरर.

नव्यात आपण सिरियल पोर्ट उघडून तो ज्यात ठेवतो त्या अ‍ॅट्रिब्यूटचं नाव काय, तर _हँडल.

मी मोठ्याने हसले, शेजारच्या टेबलावरचे सर वळून बघायला लागले. पहारेकऱ्याने मात्र हे नाव नेमकं पकडलं, चाचण्यांच्या यादीत पहिलंच लाल. ३.१२ वर तोच पहारेकरी याच नावावर हिरवा होता आणि बरोबर होता. नाव आपलं तेच, कोड तोच, टक्कर कालपर्यंत नव्हती. पहारेकरी एकदा चालवून कपाटात ठेवायची वस्तू नाही, प्रत्येक आवृत्तीच्या वेळी चालवायला हवा.

११ ऑगस्ट, सोमवार

धाकट्याचं म्हणणं: सगळ्या नावांना ‘काटा_’ लावू, प्रश्न संपला. माझं म्हणणं वेगळं. काटावाचक मुळात थ्रेड आहे का? तो पोर्टवरून वजन वाचतो. ते थ्रेडवर चालवायचं आहे, एवढंच. मग थ्रेड होण्याऐवजी त्याने थ्रेड जवळ बाळगावा. आज तसं केलं: साधा क्लास, कुणाचा सबक्लास नाही, आत एक थ्रेड, टार्गेटमध्ये आपलीच मेथड. आता त्याला _स्टॉप म्हणा, _हँडल म्हणा, घर त्याचं स्वतःचं आहे. उलट पाच-सहा ओळी कमी झाल्या. सबक्लासने आपल्याला फक्त रन दिलं होतं, आणि त्या एका मेथडसाठी आपण सगळं घरदार गळ्यात घेतलं होतं.

पीडीएफची प्रोसेसही तशीच केली.

जँगोच्या व्ह्यूंना सुटका नाही, तिथे सबक्लास करणं हीच रीत आहे. पडद्याची फ्रेमही तशी करता आली असती, पण धाकट्याने नुकतीच लिहिलीय, पुन्हा उघडावी असं वाटलं नाही. तिथे त्याचा ‘काटा_’ उपसर्ग मान्य केला. त्यामुळे तोही खूश.

२३ ऑगस्ट, शनिवार

केबिनमध्ये ३.१३ बसवलं, खरा काटा जोडला. बुधवारी गणपती, त्याआधी उरकायचं होतं. कारखान्याचा रिकामा ट्रॅक्टर तीनदा काट्यावर चढवला, तिन्ही वेळा वजन तेच. मामांना इंडिकेटर मुद्दाम बंद करायला लावला. पडदा जागेवर, आकड्याच्या जागी फक्त रेघा.

“आता जात न्हाई,” मामा म्हणाले. मग जरा थांबून, “पर त्या रेघा जरा जाड करा ताई, चष्म्याशिवाय दिसत न्हाईत.”

जाड केल्या. पहारेकरी ३.१४ च्या रिलीज कँडिडेटवरही (पक्की होण्याआधीची आवृत्ती) चालवून ठेवला. थ्रेडच्या इनिटला कॉन्टेक्स्ट हा नवा पॅरामीटर येतोय, आपला त्याच्याशी आता संबंध नाही. लाल काही नाही. ‘मुद्दाम’ यादीत सध्या ३१ नावं. २०१२ ची ती ‘थ्रेड’ नावाच्या क्लासची फाइल अजून तशीच आहे, दुसरा काटा तिच्यावर चालतो, ती सोमवारी.